काचेच्या घरातलं ऊन

घरातल्या कासवाला हिटर लागतो, असं मुंबईकराला सांगितलं तर तो आधी हसतो. "आम्हांला इथं पंख्याखालून उठवत नाही आणि तुम्ही हिटर लावताय?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. आमच्या मुलुंडच्या घरात गेली चौदा वर्षं एक लाल कानाचं कासव आहे. मुलीनं हट्टानं आणलं, ती लग्न होऊन गेली आणि कासव माझ्याकडे राहिलं. मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण चौदा वर्षं एका मुक्या जिवाचं तापमान मोजत राहिल्यानं, पशुवैद्यांना आणि वायरमनला प्रश्न विचारून भंडावल्यानं, थोडं शहाणपण पदरात पडलं आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आता कितीतरी घरांत काचेच्या टाकीत कासव दिसतं, कुठे इग्वाना, कुठे बॉल पायथनही. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

शाळेत आपण शिकलो की सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात. हा शब्द थोडा फसवा आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त चांगलं ऊन असतं. खरी गोष्ट अशी की आपल्या शरीरात जशी सतत पेटलेली शेगडी आहे, तशी त्यांच्यात नाही. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर सदतीस अंशांवर ठेवण्यात खर्च होतो. कासव, साप, सरडे ही ऊब बाहेरून घेतात, म्हणून त्यांना खायलाही कमी लागतं. कान्हेरीच्या लेण्यांकडे सकाळी गेलात तर कातळावर अंग पसरून बसलेला सरडा दिसेल. तासाभरानं तोच सरडा सावलीत गेलेला असतो. ऊन आणि सावली यांच्यामध्ये ये-जा करून तो आपलं तापमान नेमकं राखतो. अमेरिकेत कौल्स आणि बोगर्ट या दोन अभ्यासकांनी १९४४ साली वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि हे प्राणी केवळ हवामानाच्या हवाली नसतात, वागण्यातून ते स्वतःचं तापमान सांभाळतात, हे शास्त्राच्या नजरेस आणून दिलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण चेष्टेनं म्हणतो. पण त्या छोट्या धावेतच त्याचं सारं आरोग्य सामावलेलं असतं.

काचेच्या टाकीत आपण त्याची ती धाव काढून घेतो. म्हणून ऊन आणि सावली, दोन्ही टाकीत आणून देणं ही आपली जबाबदारी होते.

ऊब कमी पडली तर काय होतं? पोटातले पाचकरस मंदावतात. खाल्लेलं अन्न पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतं. रोगाशी लढण्याची ताकद घटते. मग नाकातून बुडबुडे येतात, प्राणी तोंड उघडून श्वास घेतो, कासव पाण्यात एका अंगावर कलून पोहू लागतं. ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणं आहेत आणि ती दिसली की घरगुती उपाय करत बसू नये, परदेशी प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे जावं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आपल्या शहरात आहे. मुंबईत माहितगार डॉक्टर मिळत नाहीत, असं म्हणायची सोय नाही.

आपल्या संतांच्या वाङ्मयात एक सुंदर कल्पना येते, की कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते. कवी म्हणून मला ती कल्पना फार प्रिय आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जे घडतं तेही कमी नवलाचं नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते, ती परत येत नाही. पुढचे दीड-दोन महिने अंड्यांना सांभाळते ती वाळूची ऊब. इतकंच नव्हे, पिलू नर होणार की मादी, हेही ती ऊबच ठरवते. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या वर वाळू तापली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त. एक-दोन अंशांच्या फरकानं ज्या जिवाचं लिंग बदलतं, त्याच्यासाठी 'खोलीत ठीकच आहे की' हे आपलं उत्तर पुरेसं कसं होईल?

आता मुंबईचा प्रश्न. मे महिन्यात खोली तेहेतीस अंशांवर असते, तेव्हा पाण्याच्या हिटरची गरज नाही, हे खरं. पण जानेवारीत सांताक्रूझच्या वेधशाळेत पहाटेचं तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास उतरतं. १९६२ च्या जानेवारीत तर ते ७.४ अंशांपर्यंत गेलं होतं. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या बोरिवली-मुलुंडला पहाट आणखी गार असते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं. आणि एक हिवाळा आपण स्वतः घरात तयार करतो, तो म्हणजे एसी. चोवीस अंशांवर रात्रभर एसी चालू असलेल्या खोलीत कासवाची टाकी असेल तर ऐन मेमध्येही त्याला गारठा असतो. शिवाय उघड्या टाकीतलं पाणी खोलीपेक्षा थोडं गारच राहतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच कारण इथंही.

लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याला पाणी साधारण चोवीस ते सत्तावीस अंश लागतं, पिलांना थोडं अधिक. पाण्याबाहेर अंग कोरडं करायला एक फळी किंवा पाटा लागतो आणि तिथं तापमान बत्तीस ते पस्तीस अंश हवं. बॉल पायथनला उबदार कोपरा एकतीस ते तेहेतीस आणि गार कोपरा पंचवीस ते सत्तावीस. इग्वानाला बसायच्या फांदीपाशी पस्तीसच्या आसपास. आकडे जातीनुसार बदलतात, सूत्र बदलत नाही: टाकीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. सगळी टाकी सारखी तापवणं ही दयाळूपणाची चूक आहे, कारण मग प्राण्याला पळायला जागा उरत नाही. ऊब कमी पडली तर तो दिवसेंदिवस आजारी पडतो, ऊब जास्त झाली तर तासाभरात जातो. म्हणूनच काचेची टाकी थेट उन्हात कधीही ठेवू नये. बंद मोटारीत उन्हाळ्यात जे होतं तेच त्या टाकीत होतं.

एका जानेवारीत आमच्या शेजारच्या वहिनी आल्या. "भाई, तुमचं कासव जेवतं का हो? आमच्यानं चार दिवस तोंड उघडलं नाही. आज पाण्यात रॉड सोडून बघते." मी त्यांना हात जोडून थांबवलं. आंघोळीचं पाणी तापवायचा तो रॉड दीड हजार वॉटचा असतो आणि त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. गणित सोपं आहे. पन्नास लिटर पाणी पाच अंशांनी तापवायला दीड हजार वॉटच्या रॉडला अवघी बारा मिनिटं लागतात. फोन आला, कुकरची शिट्टी झाली, तासभर विसरलं, तर बावीस अंशांचं पाणी पन्नाशीच्या घरात जातं. शिवाय पाण्यात बोट घातलं तर विजेचा धक्का, तो वेगळा. त्याच पाण्याला पन्नास वॉटचा टाकीचा हिटर सहाएक तास घेतो. प्राण्याच्या दृष्टीनं हा संथपणाच औषध आहे. वरून गरम पाण्याचा तांब्या ओतणंही टाळावं. घडीत गरम, घडीत गार, असा हेलकावा त्या शरीराला सोसत नाही.

मग वापरायचं काय? पाण्यासाठी माशांच्या टाकीत लावतात तो बुडवायचा हिटर. लिटरमागे एक वॉट हा मोजायचा ढोबळ नियम. मुंबईत पाच-सहा अंशच चढवायचे असल्यानं त्याहून कमीतही भागतं. हा हिटर काचेचा असेल तर मोठं कासव धडक देऊन तो फोडू शकतं, म्हणून त्याभोवती जाळीचं किंवा प्लास्टिकचं कवच हवं. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, हिटर पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा, मगच पाणी उपसायचं. तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते.

कोरड्या फळीसाठी वरून दिवा. इथं एक नवी अडचण आहे. एलईडी दिवे आल्यापासून पिवळे बल्ब दुकानांतून जवळजवळ गेले. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देत नाही. त्यामुळे चाळीस-साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब किंवा प्राण्यांसाठी मिळणारा उष्णतेचा दिवा शोधून आणावा लागतो. रात्री उजेड न देता ऊब हवी असेल तर सिरॅमिकचा हिटर मिळतो. तो दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा पृष्ठभाग तव्यासारखा तापतो. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. दिवा कोणताही असो, प्राण्याची उडी पोचणार नाही इतका उंच, जाळीत बंद आणि साखळीनं किंवा स्क्रूनं पक्का बसवलेला हवा. नुसत्या चिमट्यावर लटकवलेला दिवा सुक्या गवतावर किंवा पडद्यावर पडला की आग लागते, आणि सोसायटीत एका घरातली आग एका घराची राहत नाही.

सापांसाठी आणि काही पालींसाठी उष्णतेची चटई असते. ती टाकीच्या आत ठेवायची नाही, बाहेरून काचेला लावायची, तीही तळाच्या तिसऱ्या हिश्श्यापुरती. विजेवर तापणारे कृत्रिम दगडही विकायला असतात. ते घेऊच नयेत. या प्राण्यांना निसर्गात ऊब मुख्यतः वरून, सूर्याकडून मिळते. पोटाखालचं चटका देणारं तापमान ओळखून वेळीच उठणं त्यांना नीट जमत नाही. दगडावर निवांत बसलेला प्राणी पोटाला भाजून निघतो आणि घरच्यांना ते दोन दिवसांनी कळतं.

या सगळ्या उपकरणांचा मेंदू म्हणजे थर्मोस्टॅट. ठरवलेलं तापमान आलं की वीज तोडायची, उतरलं की जोडायची, एवढंच त्याचं काम. त्याची तार प्राणी जिथं बसतो तिथं हवी. दूर कोपऱ्यात ठेवली तर तो कोपऱ्याचं तापमान राखेल आणि फळीवर कासव भाजेल. पण थर्मोस्टॅटवरही आंधळा विश्वास ठेवू नये, तो कधी अडकतो. म्हणून वेगळा तापमापक हवा, तारेच्या टोकानं मोजणारा, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी काचेचं तापमान सांगते, पाण्याचं नाही. आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर ते दोन आकडे बघायची रीत आहे. अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

पाणी आणि वीज एकत्र आली की वायरमनला बोलवावं. टाकी ज्या प्लगवर आहे त्याला अर्थिंग हवं आणि घरात तीस मिलिअँपिअरवर तुटणारं गळती-संरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, हवं. माणसाला धक्का बसला तर ते पापणी लवायच्या आत वीज तोडतं. वायर टाकीतून थेट प्लगकडे न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून जमिनीवर पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवू नये.

वीज गेली तर? मुंबईत वीज जात नाही, हा आपला अभिमान. पण २६ जुलै २००५ च्या पुरानंतर उपनगरांतल्या अनेक वस्त्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सारं शहर काही तास थांबलं होतं. हिवाळ्यात वीज गेली तर टाकीवर गोधडी टाकावी, वरून हवेला फट ठेवावी. कोरड्या टाकीत शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्यानं भरून, जाड फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी. तोवर खायला घालू नये, कारण ऊब नाही तर पचन नाही.

ऊब म्हणजे ऊन नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. उन्हातल्या अतिनील किरणांतून कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून ही किरणं जवळजवळ येतच नाहीत. म्हणून त्यासाठी वेगळी अतिनील नळी लावावी आणि ती उजळत असली तरी निर्मात्यानं सांगितलेल्या मुदतीत बदलावी, कारण किरणं आधी संपतात आणि उजेड नंतर. नाहीतर रोज सकाळी बाल्कनीत कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवावं, शेजारी सावली ठेवून आणि आपण तिथं बसून. घारी-कावळ्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते.

कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत. साल्मोनेला नावाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असतात. अमेरिकेत याच कारणानं १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊच नये. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये.

आता कायद्याची गोष्ट. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव शुभ म्हणून, वास्तूसाठी म्हणून लपूनछपून पाळलं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या परिशिष्टात गेलं. आता ते बाळगणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. देशी साप आणि आपल्या तळ्यांतली देशी कासवंही घरी ठेवता येत नाहीत. असा प्राणी कुठे सापडला तर त्याला हिटर शोधत बसू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. इग्वाना, बॉल पायथन अशा आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते.

दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं दिसणारं लाल कानाचं कासव पुढे फूटभर लांब होऊ शकतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. पाचवीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्या मुलाची मुलं पाहू शकतं. पुष्कळांना हे उशिरा कळतं आणि मग एके संध्याकाळी पिशवी पवईच्या तलावाकडे किंवा देवळाच्या तळ्याकडे निघते. त्या माणसाला वाटतं, आपण जीव मोकळा केला, पुण्य केलं. प्रत्यक्षात हे कासव जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. आपल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हात बसायची जागा ते बळकावतं. कंटाळा आला तर ते दुसऱ्या जबाबदार पाळणाऱ्याला द्यावं, पशुवैद्याला किंवा प्राणिसंस्थेला विचारावं. तलाव हा त्यावरचा उपाय नाही.

खर्चाचंही सांगतो. पन्नास वॉटचा हिटर दिवसातले दहा तास चालला तर अर्धं युनिट वीज जाते, तीही हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. एवढ्या विजेनं कुणाचं घर बसत नाही. हिटर, थर्मोस्टॅट, दोन तापमापक आणि दिवा, हे सामान प्राणी घरी येण्याआधी जोडून, आठवडाभर रिकाम्या टाकीत चालवून बघावं. सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवावेत. ते स्थिर राहिले तरच दुकानाची पायरी चढावी. आणि आठवडाभर ते दोन आकडे बघायचाच कंटाळा आला, तर पुढची वीस वर्षं आपल्याला जमणार नाहीत, हे ओळखून रिकामी टाकी परत करावी. त्यात कमीपणा काहीच नाही, एका जिवावर उपकारच आहेत.